डाव्या बाजूचा दिवा

पोलीस चौकी द्रेनोव्चाक. शनिवार, २९ नोव्हेंबर, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे.

नाव अंतुन ब्लाझानोविच, वय ५८, धंदा मोटारींच्या वायरिंगची दुरुस्ती, राहणार द्रेनोव्चाक, चर्चमागची गल्ली, घर क्रमांक १७.

मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी बायको कायका व मुलगी तेना असे एकत्र राहतो. तेनाचे वय २७, शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. आज दुपारी ३ वाजता ती आपल्या गाडीने कामावर निघाली, ती पोचलेली नाही. फोन वाजतो, उचलत कोणी नाही. पोलिसांची गाडी ५ वाजून १० मिनिटांनी शहराच्या वाटेवरच्या कालव्याकडे गेली आहे. मलाही जायचे होते. अंमलदार दामीर साहेब म्हणाले, "अंतुनकाका, तुम्ही कालव्यावर जाऊन काय करणार? बसा आणि पहिल्यापासून सांगा." म्हणून बसलो आहे.

तेनाची गाडी चौदा वर्षे जुनी, रंग निळा. ऑक्टोबरपासून तिचा पुढचा डावा दिवा तीनदा गेला. बत्तीस वर्षे मी हेच काम करतो, बल्ब का जातो ते मला कोणी शिकवायला नको. डायनामो जास्त व्होल्ट सोडत असेल तर जातो. मी मीटर लावून पाहिले, १४.२ भरले, म्हणजे ठीक. होल्डर ढिला असेल तर खड्ड्यांत धक्के बसून बल्बमधली तार तुटते. होल्डर नवा टाकला. अर्थिंगची तार गंजली होती, ती घासली. दिव्यात ओल शिरत होती, मागचे रबर बदलले. तरी बल्ब गेलाच. तेना म्हणाली, "बाबा, सगळ्या गावाच्या गाड्या दुरुस्त करता, आणि माझ्याच दिव्याला कुणाची दृष्ट लागलीय?" मी म्हणालो, "तू गाडी हाकतेस बैलगाडीसारखी, बल्बानं तरी किती सोसायचं?" हे मी तिला बोललो. तसेच लिहा.

आज आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे हिवाळ्याच्या बेगमीचे डुक्कर कापले. शेजारीपाजारी सकाळपासून मदतीला होते. अंगणात कढईत चरबी कढत होती, ती ढवळायचे काम माझ्याकडे. सव्वादोन वाजता तेना आली आणि म्हणाली की डावा दिवा पुन्हा गेला. धुके इतके होते की फाटकातून समोरचे घर दिसत नव्हते. दुकाने दुपारीच बंद झालेली. कायद्याने गाडीत सुट्या बल्बांची डबी ठेवावी लागते, त्या डबीतला शेवटचा बल्ब मी काढून बसवला. दिवा लागला. दुसरा बल्ब डबीत नव्हता, हे मला माहीत होते. "आज नको जाऊस," असे मी म्हणालो नाही. म्हणायला हवे होते.

साडेचार वाजता शेजारी व्हेंदो सॉसेजचा वाटा न्यायला आला. तो ट्रॅक्टरवर कालव्याच्या रस्त्याने आला होता, मध्ये तासभर भाच्याकडे थांबून. म्हणाला, "काय धुकं रे बाबा! सव्वातीनला कालव्यावर समोरून एक मोपेड आली. एकच दिवा, तोही पार कडेला. म्हटलं, जाईल बाजूनं, मी आपला मधूनच राहिलो. मग मोपेडही नाही नि आवाजही नाही." माझ्या हातातला झारा खाली पडला. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीचा डावा, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूचा दिवा बंद असला की कडेचा एकच दिसतो आणि ती मोपेडच वाटते. कायका ओरडली, "अंतुन, पोर!" मी धावत इथे आलो.

दामीर साहेबांनी विचारले की उजवा दिवा किती वेळा गेला. उजवा एकदाही गेला नाही. तो बल्ब मी बसवलेला नाही. सप्टेंबरमध्ये तेनाने स्वतः बसवला, रुमालात धरून. मी सगळ्यांसमोर हसलो होतो, "अगं, इंजेक्शन देतेयस की बल्ब लावतेयस?"

इथे साहेबांनी पाणी दिले.

बल्बच्या काचेला उघडे बोट लावायचे नसते. बोटाचे तेल काचेवर राहते, दिवा तापला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब जातो. फडक्याने धरायचा, चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसायचा. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, दुकानात पाटी लावली आहे. पण शनिवारी दुपारी काम करता करता चरबी लावलेला पाव खायची मला सवय आहे, आणि तेनाची गाडी मी शनिवारीच बघतो. आज तर कढईवरून उठून तसाच गेलो. ती म्हणाली होती, "अहो कारागीर, हात तरी धुवा." मी म्हणालो, "घरच्या गाडीला कसले आलेत नखरे!" साहेब, मला फार भीती वाटते. माझ्या पोरीला काही झाले तर ते मी केले.

५ वाजून ५० मिनिटांनी वायरलेसवर निरोप आला की कालव्याच्या उतारावर, लव्हाळ्यात एक दिवा जळताना दिसतो. मी विचारले, कोणता? साहेब म्हणाले, "काका, त्यानं काय फरक पडतो?" मी म्हणालो, पडतो, विचारा. त्यांनी विचारले. उजवा.

५ वाजून ५८ मिनिटांनी दुसरा निरोप आला. तेना गाडीत आहे. पाय अडकला आहे, गारठली आहे, बोलते आहे. तिने सांगितले, "बाबांना म्हणावं, येताना हात धुऊन या."

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यातले काही खोडायचे नाही. सही करण्यापूर्वी चौकीच्या मोरीवर साबण लावून दोनदा हात धुतले.

(सही) अंतुन ब्लाझानोविच