सावडीचं काम, पगाराचं काम

माजं माहेर वडिवळ्याचं, धरनाच्या खालच्या अंगाला. कामशेतात उतरायचं आन तितनं पुढं, आता जीपा हायेत, तवा बराचसा रस्ता पायीच. घरची भातखाचरं व्हती, लय न्हाई, पोटापुरती. आमी पाच भावंडं, मी मधली, म्हंजी ना थोरलीचा मान ना धाकटीचा लाड, कामाला मातर सगळ्यात पयली. शाळा सातवीपत्तूर झाली, पुढची शाळा कामशेतात, आन आबा म्हनायचे पोरगी येवढ्या लांब जाऊन करनार काय. त्येचं मी रडगानं गात न्हाई, तवा सगळ्याच पोरींचं तसंच व्हतं.

पन एक गोष्ट सांगते ती ध्यानात ठेवा, म्हंजी पुढचं कळंल. आमच्याकडं आवनी, म्हंजी भाताची रोपं चिखलात लावायची, ती सावडीनं व्हायची. आज सगळ्या बाया आमच्या खाचरात, उद्या आमी सगळ्या शेजारच्या काकूच्या खाचरात, परवा तिसरीकडं. मजुरी कुनी द्यायची न्हाई, कुनी मागायची न्हाई, ज्याच्या घरी काम त्यानं भाकरी-कालवन घालायचं, बास. एखादी बाळंतीन आसली, आजारी आसली, तर तिचं खाचर बाकीच्या लावून टाकायच्या आन तोंडातनं चकार शब्द काडायच्या न्हाईत. आई म्हनायची, मंदे, पैका गेला तर परत मिळतो, सावड मोडली तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हात न्हाई. ह्ये माज्या आंगात भिनलेलं, आन ह्येच पुढं आमच्या आंगाशी आलं, काय सांगू तुमाला.

लगीन झालं ते कामशेतच्या बाजूलाच. मालक तळेगावकडं एका कंपनीत ठेक्यावर व्हते, ती बंद पडली, मंग त्यांनी लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम धरलं. बंगल्याचा शेट वरसातनं दोन-चार येळा येनार, झाडं मातर रोज पानी मागनार. मालकांनीच खबर आनली का वरच्या अंगाला एक वृद्धाश्रम हाये, तितं बाया पायजेत. ट्रस्टचा हाये, सरकारचं अनुदान मिळतं, ज्यांचं कुनी न्हाई न्हाईतर आसून नसल्यासारखं, आसली म्हातारी मान्सं ऱ्हात्यात. मी म्हनलं, म्हंजी मी लोकांचं गू-मूत काडायचं व्हय? ते म्हनले, मंग माज्या आयेचं कोन काडत व्हतं, तूच ना, तवा कुनी पगार दिलता का. गेले, ती आजपत्तूर हाये.

कागदावर आमाला काळजीवाहक म्हनत्यात. हाक मारताना सगळे मावशी म्हनत्यात. ती हाक मला गोड लागायची, अजून लागती, पन मावशीला पगार कोन देतं हो? मावशीला लुगडं-चोळी. दर दिवाळीला आमाला साडी, नारळ, मिठाईचा पुडा, आन ट्रस्टचे मोठे साहेब हात जोडून म्हननार, तुमी देवाचं काम करताय. देवाचं खरंच, पन देव काय गॅसची टाकी भरून देत न्हाई.

काम काय आसतं तर सकाळी आंघोळी, मंग औषधं, भरवनं, ज्या अंथरुनाला खिळल्यात त्यांची घडीघडी कूस बदलायची, न्हाईतर पाठीला जखमा पडत्यात. आन भांडनं सोडवायची. खिडकीतल्या एका खुर्चीवरनं दोन आज्ज्यांचं जुंपलं का पोरं परवडली. आन ह्या सगळ्याचा जो पगार, त्याच्यापेक्षा लोणावळ्यात कुठल्याबी हाटेलात खोल्या साफ करनारीला जास्त. म्हंजी नुसती चादर बदलली तर जास्त, आन चादरीवर मानूस आसलं तर कमी. ह्यो कुठला न्याय तुमीच सांगा. मंग पोरी यायच्या, शिकायच्या, आन निघून जायच्या. दोन जागा रिकाम्या पडल्या त्या पडल्याच.

त्या दोन जागांचं काम कोन करनार, तर आमीच. कुनी सांगितलं न्हाई. माज्या बरोबरीची शमीमभाभी हाये, खंडाळ्याकडची, तिच्याबी सासरी भाताचीच शेती, ती आन मी आन बाकीच्या, आमी सगळ्या सावडीतल्याच बाया. माजी डुटी चारला संपायची पन मी अंधार पडंपत्तूर थांबायची, कारन संध्याकाळी वरच्या मजल्यावर दोघीच बाया आन अंथरुनावरच्या आज्ज्यांनी मजला भरलेला. शमीमभाभी सुट्टीच्या दिवशीबी यिऊन जायची. ईदला मी तिची डुटी करायची, गौरी-गनपतीला ती माजी. कुटं लिवलं न्हाई, कुनी इचारलं न्हाई, गाडं चालू.

आन वरच्या मजल्यावर अनसूया आजी. तिनं उभा जल्म चिक्कीच्या कारखान्यात काडलेला, गरम गरम चिक्की कापून बोटं वाकडी झालेली, जीभ मातर सुरीवानीच धारदार ऱ्हायलेली. संध्याकाळचं जेवन ती माज्याच हातचं खायची. गुरगुट्या भात आन वरनाचं पानी, बाकी काई न्हाई. दुसरीनं घास पुढं केला का दात मिटून घेनार, मंग कुनाच्या बापाला उघडायची न्हाईत. मी भरवताना तिच्या शिव्या खायची, ती माज्या हातचा भात खायची, आसा आमचा येवहार.

आमचे सर, म्हंजी आश्रमाचे व्यवस्थापक, मानूस वाईट न्हाई. पगाराचं आमी त्यांच्यापाशी काडलं. सर म्हनले, मलाबी वाटतं वाढवावा, पन आनायचं कुठनं, अनुदान हाये तेवढंच हाये. ट्रस्टनं पदरचं घालायचं म्हनलं तर वरचा मजला बंद करावा लागंल. शमीमभाभी म्हनली, सर, आज्ज्यांना भाईर काडून आमाला वाढ नको, आन वाढीबिगर आमाला ऱ्हानंबी जमत न्हाई, तवा सरकारकडं मागा. मंग सरांनी परस्ताव केला, अनुदान वाढवा, त्या दोन जागा भरा, बायांना पगार नीट द्या. आन कळलं का पुण्याच्या ऑफिसातनं मॅडम येनार, पाहनी करायला.

आता घरी पाव्हनी येनार म्हनल्यावर मावळातली बाई काय करनार? त्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या बाया हजर, डुटीवरच्या, सुट्टीवरच्या, एक तर ताप आसताना आलती. फरशी आशी पुसली का तोंड दिसावं. आज्ज्यांच्या येन्या घातल्या, ठेवनीतली लुगडी नेसवली. मी घरनं इंद्रायनी तांदूळ नेला, वास सगळ्या माळभर. अनसूया आजीला पाठीशी उशा लावून बसवली आन म्हनलं, आजच्या दिवस शिव्या दिऊ नको गं बाई. मॅडम लय खूष. भात दोनदा घेतला. निघताना आमी त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, ओटीचा नारळ शमीमभाभीनंच आनलता. मॅडम म्हनल्या, आसा आश्रम मी कुटं बघितला न्हाई. आमी नुसत्या फुगलो. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, झालं काम.

मंग कागद आला, सरांनी वाचून दाखवला. व्यवस्था उत्तम, कर्मचारी पुरेसे, सेवाभाव फार चांगला, म्हनून वाढीव अनुदानाची सध्या गरज दिसत न्हाई. हात दाखवून अवलक्षण म्हनत्यात ना, तसं. मला आदी मॅडमचा राग आला, माजा भात दोनदा खाऊन आसं लिवलं म्हनून. पन आमच्यातली सोनाली, वयानं सगळ्यात ल्हान पन शानी, ती म्हनली, मावशी, त्यांचं काय चुकलं, आपन रिकाम्या जागा आपल्या आंगानं झाकल्या, मंग त्यांना दिसनार कशा. झाकली मूठ सव्वा लाखाची व्हय, पन सव्वा लाख मूठ उघडल्याबिगर कुनी देत न्हाई.

सर म्हनले, परत मागता यील, परत कुनीतरी पाहनीला यील. तवा आमी सैपाकघरात बसलो. सोनाली म्हनली, आता सावड बंद. ज्याची त्याची डुटी, येळ झाली का घर. मला तर आयेवरनं शिवी दिल्यावानी झालं. मी म्हनलं, सावड मोडायची? आन आज्ज्यांनी काय करायचं? मंग शमीमभाभी म्हनली, मंदा, सावड कुनासंगं आसती? जो उद्या आपल्या खाचरात उतरतो त्याच्यासंगं. सरकार कदी उतरलंय का तुज्या खाचरात? मी म्हनलं, न्हाई उतरलं, मंग बंद तर बंद.

अनसूया आजीला मीच सांगितलं, लपवून काय करायचं. म्हनलं, उद्यापास्नं मी चारला जानार. तिनं डोळं वटारलं, म्हनली, मंग मी उपाशी मरू व्हय गं भवाने? मी मान खाली घातली. मंग म्हनली, कारखान्यात आमीबी एकदा हात खाली ठेवलते. मुकादम वरडला, चिक्की गार झाली का कापली जानार न्हाई. आमी म्हनलं, हुंदे गार. तू जा. पन मी हाक मारीन हां, त्येला माजा इलाज न्हाई.

चार वाजले का चपला घालायची, पिशवी घ्यायची आन गेटाच्या भाईर यायची. गेटाभाईर एक कट्टा हाये. आत जायचं न्हाई आन घरी जायला पाय उचलायचा न्हाई, मंग मी आपली त्या कट्ट्यावर बसून ऱ्हायची. सोनाली हसायची, म्हनायची मावशी ह्ये कसलं घरी जानं. आन वरनं खिडकीतनं आवाज यायचा, मंदे, ए मंदे. लय जीव तुटायचा हो. पदराचं टोक तोंडात धरून बसायची.

मॅडम परत आल्या, त्याच मॅडम. यायच्या व्हत्या सकाळी, पन जोडून सुट्ट्या आलत्या, लोणावळ्यात गाडीला गाडी चिकटलेली, त्यांना यायला संध्याकाळ झाली. मी कट्ट्यावर. त्यांनी वळखलं. म्हनल्या, मावशी, हितं का बसलाय? मी म्हनलं, डुटी संपली. मंग घरी का न्हाई गेला? मी म्हनलं, पाय निघत न्हाई. मंग आत या की. मी म्हनलं, आत आले तर तुमाला परत सगळं बरं दिसंल. त्या तडक वर गेल्या.

वर काय झालं ते सोनालीनं सांगितलं, तिची डुटी व्हती. ती आन दुसरी एक, दोघीच, एकीची चादर बदलतायत तवर दुसरी आजी पानी मागतीय, तिसरी वल्यात पडलीय. अनसूया आजीचं ताट तसंच झाकलेलं. मॅडमनी इचारलं, ह्यांना कोन भरवतं? सोनाली म्हनली, त्यांचा लंबर आला का भरवते. मंग मॅडमच बसल्या ताट घिऊन. आजीनं दात मिटलेले. भात लुगड्यावर, वरन मॅडमच्या साडीवर. आन दात उघडले तवा आजी म्हनली, बाई, तुला जमायचं न्हाई, जिला जमतं ती भाईर बसलीय, तिला आत घ्यायचं तर पगार मोजा. आन येवढं बोलून खिडकीकडं तोंड करून मोठ्यांदा, मंदे, ए मंदे.

ती हाक मी ऐकली. उठले न्हाई. लोकं म्हनत्यात दगड झाली आसंल, पन दगडाला काय व्हतंय, मी बाईमानूस व्हते. कट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मॅडम खाली आल्या, साडीवर पिवळा डाग, माज्या शेजारी घडीभर बसल्या. इचारलं, रोज अशी हाक मारत्यात? मी म्हनलं, व्हय. झालं, गाडीत बसून गेल्या. त्या दिवशी आजी अर्धा पेला दुधावर झोपली. ते माज्या काळजाला लागलंय ते लागलंयच, पगार कितीबी वाढू दे.

सरकारी काम आन सहा म्हैने थांब म्हनत्यात, आमाला त्याहून जास्त थांबावं लागलं. तवर सावड बंद ती बंदच, आन आजी संध्याकाळची दुधावरच. पन अनुदान वाढलं. दोन्ही जागा भरल्या, आमचा पगार वाढला. मागितलं तेवढं न्हाई मिळालं, खोटं कशाला बोलू, पन हाटेलाच्या जवळपास आलो. सोनाली निघायच्या बेतात व्हती, ती ऱ्हायली. दिवाळीला साडी अजून मिळती, आता ती घेताना बरं वाटतं.

नव्या जागेवर घोरावाडीची एक पोरगी आली, पूजा. संध्याकाळी अनसूया आजीचं ताट तिच्याकडं. पयले काई दिस आजीनं दात मिटले, शिव्या घातल्या, पोरगी दमाची, हसत बसून ऱ्हायली, आन एक दिवस उघडलं तोंड. मी दारात उभी, खांद्याला पिशवी. खरं सांगू का, मला लय आनंद झाला आन त्याच घटकेला हेवाबी वाटला, एवढी वरसं माज्या हातचं खाल्लं आन आता दुसरीच्या हातचा घास गोड लागतोय. आजीनं मला बघितलं. तोंडात घास तसाच, म्हनली, अजून हितंच? जा की, तुजी डुटी संपली, गाडी चुकंल.

आता उजेड हाये तवरच घरी पोचते. मालक पयल्यांदा घाबरले, म्हनले, काडून टाकलं का काय तुला. मी म्हनलं, न्हाई, येळेवर सोडलं. बास, आजून काय सांगू. तुमी येवढ्या लांबनं यिऊन माजं ऐकून घेतलंत, तुमालाबी म्हातारपनी तोंडात घास घालनारं कुनीतरी भेटू दे, आन तिला तिचा पगार पुरता मिळू दे.