हातोडा घातलेली बॅग

अहो पण मी काय मुद्दाम फोडली का? तुम्हीच सांगा! माझं आख्खं आयुष्य प्लास्टिक फोडण्यात गेलंय, बॅगांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात... कवचावर वजन सोडायचं, परत सोडायचं, तडा जाईपर्यंत सोडत राहायचं, त्याचाच पगार मिळतो मला! आणि घरी एक बॅग फुटली तर बायको म्हणते, "ऑफिसचं काम घरी आणू नका."

तुम्हाला सांगतो, त्या प्लास्टिकमध्ये रबराचे बारीक कण घातलेले असतात. घाव बसला की ते बिचारे तो अंगावर घेतात, घरातल्या मोठ्या सुनेसारखे. वरून बघाल तर काही नाही, टुणटुणीत! पण आत कुठेतरी केसाएवढी चीर पडलेली असते. दुसरा घाव, आणखी एक चीर. मग तिथे पांढुरका डाग येतो. आणि एखाद दिवशी साधी टिचकी... खल्लास! बदनाम कोण? शेवटचा घाव!

म्हणून आमच्याकडे नियमच आहे, तपासलेला नग वापरायचा नाही. कितीही धडधाकट दिसला तरी भंगारात.

तर लेक निघाली परगावी, नोकरीला, पहिल्यांदाच घर सोडून. मी कोरी बॅग आणली. मेहुणा आला आणि दोन बोटांनी टकटक करून म्हणतो कसा, "दाजी, टिकेल ना हो हे?" आता माझ्या प्लास्टिकला असं बोलल्यावर मी गप्प बसेन? घातला हातोडा! काही नाही! मेहुणा गार. मग ताई आली, तिला दाखवायला घातला. शेजारचे मास्तर आले, "अहो, माझं बघायचं राहिलं!" ...घातला. मेहुणा तर वर चढून नाचला! लेक म्हणतेय, "बाबा, पुरे ना, कोपऱ्यात पांढरं दिसतंय." मी म्हणतो, "पुसलं की जाईल." मी! तपासणी खात्यातला मी!

निघायच्या दिवशी बॅग भरली, लेकीनं दाराबाहेर हळूच टेकवली... नुसती टेकवली हो! कड्! कोपऱ्यापासून पार कुलपापर्यंत. पोर रडवेली, "बाबा, मी आपटली का?" नाही गं राणी... शेवटचा घाव उगाच बदनाम होतो.

बांधली दोरीनं. गाडी सुटली. बायको ढसाढसा रडतेय, मेहुणा डोळे पुसतोय, आणि मी? टुणटुणीत! ताई म्हणाली सुद्धा, "दगड आहेस अगदी!" घरी आलो, चहा घेतला, पेपर वाचला. संध्याकाळी लेकीचा फोन, "बाबा, पोचले. बघा ना, माझा कंगवा बाथरूममध्येच राहिला का?"

राहिला होता. आरशापाशी, तिचे दोन केस अडकलेले... आणि मी तिथेच, ओल्या फरशीवर बसून हमसाहमशी! बायको धावत आली, "अहो, काय झालं? काय बोलली ती तुम्हाला?"

आता काय सांगणार? म्हटलं, कंगवा.

तेव्हापासून घरात तो कंगवा बदनाम आहे.