आठच्या आसपास

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

"विषाणूची शेपटी म्हणजे गोल जिना, आई. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत त्याची नुसती सावली येते. एका वेढ्यात पायऱ्या किती, ते सॉफ्टवेअर शोधतं."

"मग सापडल्या का?"

"दोनदा. मी त्याला म्हटलं सहाच्या आसपास शोध, तर फोटोशी सहा जुळल्या. सर म्हणाले सातच्या आसपास शोध, तर सात जुळल्या."

"तितक्याच छान?"

"अगदी तितक्याच."

"मग उद्या छापायला काय धाडणार?"

"सात. सरांशी वाद कोण घालणार?"

"आणि आठच्या आसपास शोधलंत?"

लेकीने लॅपटॉप उघडला.

"चला, पुढचे कोण?" आतून हाक आली.

"थांबा हो जरा," गाल धरलेल्या बाई म्हणाल्या, "आठ जुळतायत का बघू दे."