कोल्टन गेला त्या सकाळी

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. डोनटच्या दुकानातल्या रांगेत टेव्हिटाच्या मागे दोन म्हातारे बोलत होते.

“आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला कोल्टनसारखा क्वार्टरबॅक, सगळा खेळ चालवणारा गडी, आजवर मिळाला नव्हता. जन्मजात पुढारी!”

“काल रडत रडत संघातल्या पोरांना म्हणाला, सोडून कुणी जायचं नाही.”

“आणि आज सकाळी स्वतःच दुसऱ्या कॉलेजात पसार.”

“पुढारीच तो. दाराबाहेरही पहिला!”

रांग पुढे सरकली, पण टेव्हिटा तिथंच उभा राहिला.

“सरक की, बाळा. केवढा धिप्पाड आहेस! खेळतोस का?”

“हो, काका. कोल्टनच्या अंगावर येणाऱ्यांना मीच अडवायचो.”

“अरेरे! मग तुलाही दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं बोलावणं असेल.”

“होतं. त्याचं ऐकून कालच नकार कळवला.”

तेवढ्यात टेव्हिटाचा फोन वाजला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

“कोण रे?”

“कोल्टन. तिकडे त्याला राखायला भरवशाचं कुणी नाही. तूही ये म्हणतो.”

“मग जातोस की काय?”

टेव्हिटा काउंटरपाशी गेला.

“ताई, तीन डझन द्या. दहा वाजता आमच्या पोरांचा सराव आहे.”

“सराव? अरे, पोरांना बोलावणारा तर पळाला!” मागून म्हातारा म्हणाला.

“मी बोलावलंय.”