डोंग्यावरची सात नावं

...अन् वरून साहेब मले विचारते, "बोट कोणाची?" आता तुमीच सांगा! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून, दोरानं आवळून, गावापासून पार गोंदियापावतर मी आनली, फुलचूरपाशी लोकं थांबून थांबून हासून रायले, एक तं म्हने, "चाचा, बाढ़ आनेवाली है क्या?" बोटी नोंदनीच्या हापिसापुढं मी उभा, ट्रॉलीवर डोंगा उभा, अन् साहेब विचारते कोणाची! माही जी, म्हटलं. "कागद?" कागद नाई जी. "कंपनीची पट्टी, नंबर?" पट्टी निंगून गेली जी, खिळ्याच्या खुना हायेत, पाहून घ्या. साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला अन् म्हने, "मग सरकारच्या दृष्टीनं ही बोटच नाही." बोट नाई! मंग का होय, पोळ्याचा बैल होय का? पन म्हटलं जाऊ द्या... डोंगा तं तरंगते ना!

आता डोंगा कायले पायजे म्हनान, तं आयका. आमची जात तलाव बांधनारी. आज्यापनज्यांनी मातीच्या पाळी घालून पानी अडवलं, तलाव खोदले, पन पोहनं एकालेही येत नाई! माही बांधी, धानाचं वावर, तलावाच्या पलीकडं. पावसाळ्यात सडकेनं गेलं तं अठरा किलोमीटरचा फेरा, अन् नाला चढला तं तेही बंद. जुना लाकडाचा डोंगा सडला. अन् अवंदा फर्मान आलं, नोंदनीबिगर पान्यात मानूस न्यायचा नाई, नेला तं डोंगा जप्त. इकडं धानाचे परे, रोपं म्हना, वाढून रायले, रोवना म्हंजे लावनी तोंडावर... मानसानं करायचं का?

मुन्नालाल भंगारवाल्याकडं हा पडला होता, अल्युमिनचा, हिरवा रंग फासलेला, उपडा. मी विचारलं, कोनाचा हाये? त्यानं पान थुकलं अन् म्हने, "तैरती है ना? फिर कागज क्या चाटोगे?" बोलनं पटलं बापा मले! आनला घरी.

अन् मंग साहेबाच्या हापिसातून डोंगा घेऊन वापस आलो, तं घरी सुमित्रा. सुमित्रा म्हंजे माही बायको. ते दारातच आडवी. "अल्युमिनचं हाये ना? मंग भांडंच होय ते. घासल्याशिवाय भांडं वापरत असतात का?" अन् चिंच घेतलन, राख घेतलन, नारळाची शेंडी घेतलन, तीन दिवस डोंगा घासलन! कोन घासते डोंगा? तिसऱ्या दिवशी हिरवा रंग सुटला, खाली चांदीवानी चकाकी, अन् त्या चकाकीत... नावं. टिंबाटिंबाची, कोरलेली, भांड्यावर रायतात ना तशीच. वर एका गावाचं नाव, चिचगडकडलं, कोनतं ते नाई सांगत. खाली सात नावं. योगराज, मनिराम, चंदा... अन् हरेक नावापुढं तारीख. बारा वर्सांमागची. साताईची तारीख एकच.

तुमाले सांगतो, मी नाचलोच! साहेब म्हनते मालक कोन, हे घ्या ना सात मालक! आमच्या लग्नातला गुंड पाहा, पान्याचा, पितळेचा, त्याच्यावर माह्या पाच साळ्यांची नावं हायेत, पुढं तारीख. पाचाईनं मिळून गुंड देला. म्हटलं तसंच होय हे, सात जनानं मिळून, एकाच दिवशी डोंगा घेतला! सुमित्रा तं माह्यापेक्षा खुश. बाजारातल्या ओमेशले बोलावलन, भांड्यावर नावं कोरते तो, अन् म्हने, "आता वस्तू आपली, आपलं नाव टाका." ठक ठक ठक, साताईच्या खाली, त्याच रांगेत, केवलराम! ओमेश म्हने, तारीख? सुमित्रा म्हने, तारीख नोंदनी झाल्यावर टाकू.

साहेब फोटो पाहून खुश. "वा, संयुक्त मालकी! सात जणांच्या ना-हरकतीच्या सह्या आणा." आनतो ना जी! डोंगा तं तरंगते ना, सह्या का मोठी गोष्ट हाये?

गेलो त्या गावाले. पहिलं घर योगराजचं. म्हातारा बाप बसला होता, देवचंद त्याचं नाव. म्हटलं, काका, योगराज घरी हाये का? म्हाताऱ्यानं हातानं भिंतीकडं दाखवलन. भिंतीवर फोटो. फोटोले हार. खाली तारीख... मी तारीख वाचली, तं डोंग्यावरचीच. म्हटलं, योग असते एखाद्याचा. दुसऱ्या घरी गेलो. भिंत, फोटो, हार, तेच तारीख. तिसऱ्या घरी मी विचारलंच नाई जी, चप्पल काढली अन् सिद्धा भिंतीकडं पायलं.

वापस देवचंदकाकाकडं आलो. काका म्हने, "सात जन रोवन्याले चालले होते, तलावाच्या पलीकडं. डोंगा दुसऱ्या दिवशी आपसूक वर आला. ना भोक, ना पोचा. आमी त्याच्यावर नावं कोरली अन् देवळामांगं उपडा घातला. पुन्हा त्याच्यात कोनी बसू नये म्हनून कोरली गा नावं! 'स्मरणार्थ' टाक म्हनायले कोनाची जीभ वळली नाई, तेवढं रायलं. मंग कोन्या चोट्ट्यानं नेला, रंग फासला..."

मी मोबाईल पुढं केला, फोटो दाखवला. म्हातारा बोट ठेवून वाचून रायला. पोराच्या नावावर बोट थांबलं, डोळे भरले, बोट पुढं सरकलं... सातवं... अन् अजून खाली. "हे आठवं कोनाचं होय? आमी तं सातच कोरली होती."

म्हटलं, माहं.

तुमाले सांगतो, म्हातारा खाटेवरून उठला, मले बसवलन, सुनेले हाक मारलन, "यायले पानी दे, गूळ दे." मंग माह्या हातातला ना-हरकतीचा कागद घेतलन, काठी घेऊन सात घरं फिरला, सह्या-आंगठे गोळा केलन अन् कागद माह्या हातात देलन. मले वाटलं शिव्या देईल, डोंगा वापस मांगंल. मी तं म्हटलंही, काका, घेऊन जा ना डोंगा! तं म्हने, "आता तुहं नाव लागलं गा त्याच्यावर." इतक्या मायेनं माह्या सख्ख्या बापानं मले कधी निरोप देला नाई. भेव वाटलं जी मले, खोटं कायले सांगू!

साहेबानं तं पाठ थोपटली. सात सह्या पाहून शिक्का हानलन, धाड! क्षमता, आठ व्यक्ती. मी म्हटलं, साहेब, या डोंग्यात सात जन... साहेब म्हने, "तपासणीत कुठे छिद्र नाही, पोचा नाही. तरंगते ना?" तरंगते जी. "मग झालं!"

काल कागद घेऊन घरी आलो. परे पिवळे पडून रायले, नाला चढला, सडक बंद. उद्या रोवना. सात बाया ठरल्या, त्यातली एक सुमित्रा. वल्हं मारनारा मी. मोजा तुमी, मी नाई मोजत. सुमित्राले सांगू तं बाया बसत नाईत, रोवना जाते, वर्सभर खायचं का? नाई सांगू तं... तुमाले सांगून रायलो ना, तेवढंच.

अन् आज सकाळी ओमेश आला, हातोडी-खिळा घेऊन, रायलेली तारीख टाकायले. मी त्याले कोन्यात नेलं, म्हटलं भाऊ, माहं नाव खोडता येते का गा? तं म्हने, "पातळ पत्रा हाये केवलरामभाऊ, खोडलं तं भोक पडंल, डोंगा बुडंल." घ्या! म्हटलं मंग रायू दे, पन तारीख नोको टाकू. "अपुरं दिसते भाऊ, साताईले तारीख हाये." अपुरंच चांगलं, म्हटलं, हात जोडतो...

तं घरातून सुमित्रा आवाज देते, "टाका ना ओमेशभाऊ उद्याची! उद्याच तं पहिल्यांदा पान्यात जाऊन रायला!"

ठक. ठक. ठक.

टाकलन. उद्याची... आता का करता? अक्षर मात्र गजब सुंदर काढलन बापा.