लिटरला अकरा

इंधन वाचवणं ही पुढच्या पिढ्यांची सेवा आहे, असं माझं ठाम मत होतं. मग गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको येऊन बसले. समोर त्यांची खोक्यासारखी, डोंगर चढणारी गाडी उभी होती. तिचं नाक चेपलं होतं.

“लिटरला दहा नाही दिलं तर विकायची. तूच कबूल केलं होतंस.”

“देणार गं. टपावरचं कॅरिअर काढलं, चाकांत हवा नीट भरली, साठच्या वर जात नाही.”

“स्टेपनीही काढलीस. मला न सांगता.”

“वजन असतं तिचं.”

“माझंही आहे. मला कुठे उतरवणार होतास?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. भर घाटात, उतारावर इंजिन बंद केलंस! ब्रेक लागेना, स्टिअरिंग वळेना, मागे माझी आई देवाचं नाव घेतेय, आणि तू म्हणतोस, ‘बघा आई, थेंबही जळत नाहीये!’”

“थांबली ना गाडी शेवटी?”

“मातीच्या ढिगानं थांबवली. आई बसनं घरी गेली. पुन्हा या खोक्यात पाय ठेवणार नाही म्हणाली.”

“ते राहू दे. मी आत्ताच हिशोब केलाय. टाकी भरल्यापासून लिटरला अकरा! आता विकायचं नाव काढायचं नाही.”

बायकोनं हात पुढे केला.

“किल्ली दे. यातलं निम्मं अंतर आपण ट्रकमागे दोरानं बांधून आलोय.”