सगळ्यांना एकच रिपोर्ट

लसीच्या रांगेत बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते.

"या रिपोर्टवर माझं वय बासष्ट टाकलंय. तुमच्या लॅबनं मला पार म्हातारी करून टाकलं की!"

"बघू. वय चुकलंच कसं?"

"नाव माझंच आहे. गाठ साधी निघाली ना, मग वयाचं काय घेऊन बसलास?"

"ताई, नाव आमच्या यादीतून येतं. बाकीचं लॅबच्या साइटवरून."

"मला कळेल असं सांग."

"माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चाळीस पेशंटच्या खात्यांत एकेक करून लॉगिन करते आणि रिपोर्ट काढते. मध्ये लॉगआउट करायचं मी लिहिलंच नाही. साइटला वाटत राहिलं, पहिल्याच बाई आत आहेत."

"म्हणजे चाळीस जणांना..."

"त्यांचाच रिपोर्ट गेला."

"अरे, मी आईला सांगून बसले. किती रडली ती आनंदानं!"

"थांब. जुनं लॉगिन पुसून तुझ्या खात्यात परत शिरतो."

"वय किती दिसतंय?"

"चौतीस."

"मग हा माझाच. वाच."

"ताई, हात दे इकडे."

"घे. अरे, केवढा गार पडलाय तुझा हात!"